शून्याखालची मोडी सही

शून्य मार्कांची वही कुणी जपून ठेवतं का? मी ठेवली आहे. पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली, जुन्या फडक्यात बांधून. शालू कसरीनं खाल्ला, वही शाबूत आहे. पानाच्या तळाशी जांभळ्या शाईनं अण्णांची, माझ्या थोरल्या काकांची, मोडी सही आहे आणि तिच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं काढलेलं पुरीएवढं शून्य. माझी मुलं म्हणतात, आई, तू एवढी शिकलीस, नोकरी केलीस, जपायचं तर एखादं सर्टिफिकेट तरी जप. मी म्हणते, सर्टिफिकेटं तुम्ही जपा. ती मिळवायला मी दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिलं. हे एक पान तेवढं माझं आहे.

आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. तोवर ए बी सी डी म्हणजे फक्त औषधाच्या बाटलीवर दिसणारी अक्षरं. चिंचवडातली आमची शाळा म्हणजे एका रांगेतल्या पाच खोल्या, वर कौलं, आणि वारा पडला की पवनेच्या पात्रातला धुणी धोपटण्याचा आवाज थेट वर्गात. नववीत आम्ही मुली चौघीच. चौघींना खिडकीकडचं एक बाक, आणि त्या बाकावरून मुलांकडे मान वळवायची नाही असा अलिखित कायदा. इंग्रजीला गद्रे सर होते. रोज पुण्याहून यायचे, उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट, खिशात तपकिरी पुठ्ठ्याची एक जाड वही. त्या वहीत वर्षभराचे सगळे निबंध होते. सरांनी ते तरुणपणी कधीतरी लिहिले होते आणि तेच दर वर्षी, त्याच क्रमानं, फळ्यावर उतरत. "मुलांनो, इंग्रजी ही दुसऱ्याची भाषा," सर म्हणायचे. "तिच्यात आपलं डोकं चालवायला गेलात की पाय घसरलाच म्हणून समजा. फळ्यावरचं उतरवा, पाठ करा, पेपरात लिहा." त्यांचंही अगदी चुकत नव्हतं म्हणा. चार वर्षांत शेतकऱ्यांची पोरं मॅट्रिकला बसवायची होती त्यांना. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगू, थोडा अजूनही येतो.

दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, सर निबंध फळ्यावर लिहीत. आम्ही तो कच्च्या वहीत उतरवायचा, मग सगळ्यांनी मिळून मोठ्यानं तीनदा म्हणायचा, इतका मोठ्यानं की शेजारचा भूगोल बंद पडायचा. रविवारी घरी पक्क्या वहीत टाकानं सुवाच्य अक्षरात लिहायचा, खाली पालकांची सही घ्यायची, आणि सोमवारी वही टेबलावर. सहीचा नियम सरांचा स्वतःचा. "पालकांनी पाहिलं आहे, त्यांना पसंत आहे, असा त्या सहीचा अर्थ," असं ते वर्षाच्या सुरुवातीला बजावून सांगत. सही नसेल त्याला छडी. आमच्यातल्या निम्म्यांचे पालक अंगठा उठवायचे, तोही चालायचा.

तर अशा रीतीनं आम्ही गाय लिहिली. आमच्या घरी म्हैस होती, तरी गायच लिहिली. 'अवर हाउस' लिहिला, त्यात घरापुढे बाग होती, बागेत गुलाब होते. आमच्या दारापुढे उकिरडा होता. मी गुलाब लिहिले. खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. इंग्रजीत खरं-खोटं असं काही असतं हेच कुठं ठाऊक होतं! घोकायचं आणि ओकायचं, संपलं. मग एका शनिवारी सरांनी फळ्यावर शीर्षक लिहिलं, 'माय मदर'.

आई दिवसभर घरी असते. ती आमच्यासाठी गोडधोड करते. ती नेहमी हसतमुख असते. आणि शेवटचं वाक्य, खाली रेघ मारून, 'शी इज नेव्हर टायर्ड'. सरांनी पट्टी आपटून अर्थ सांगितला, "ती कधीही दमत नाही. हं, म्हणा!" सगळा वर्ग ओरडला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझं तोंड उघडेना. शेजारच्या शकूनं कोपर मारलं, "अगं म्हण की, सर बघतायत." मी ओठ नुसते हलवले.

माझी आई पिंपरीला नव्यानंच निघालेल्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जायची. वडील मी लहान असतानाच तापानं गेले. काकूही नव्हती. घरात आम्ही तिघंच, आई, मी आणि वडलांचे थोरले भाऊ अण्णा. आई भल्या पहाटे उठून जात्यावर बसायची, बाजरीच्या भाकरी थापायची, माझ्यासाठी आणि अण्णांसाठी टोपल्यात झाकून ठेवायची, दोन भाकरी, कांदा आणि लसणाचा ठेचा फडक्यात बांधून स्वतःबरोबर न्यायची, आणि रेल्वेच्या कडेकडेनं चालत पिंपरी गाठायची. तिथं दिवसभर उभ्यानं काम. हात पाण्यात आणि सोड्यात. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. तो झाला की मी चुलीवर पाणी ठेवू का म्हणून अण्णांना विचारायची, आणि अण्णा दर वेळी म्हणायचे, "तू गप अभ्यास कर. तुझी आई ईल की आता." आई यायची ती औषधाचा वास घेऊन. बोटं पांढरीफटक, टोकांना सुरकुतलेली. तिचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडतं न पडतं तोच बाजेवरून हाक यायची, "च्या टाक गं!"

आणि ती टाकायची. उभ्यानंच. थोरल्या दिरासमोर बसायचं नाही ही आमच्याकडची रीत. अण्णा ओसरीच्या बाजेवर बसलेले, त्यांच्या डोळ्यांसमोरच सगळं घर. म्हणजे दिवसभर कारखान्यात उभी राहिलेली बाई घरी येऊन पुन्हा उभीच. अण्णा जेवून देवळाकडे गेले की मगच ती भिंतीला टेकायची, आणि टेकता टेकता तिच्या तोंडून 'आई गं' निघायचं. तोच 'आई गं' मला त्या दिवशी वर्गात ऐकू आला असावा.

अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा दुष्ट नव्हते. पण मोठेपणाचा सोस भारी. तरुणपणी देहूरोडला लष्करात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी काम केलं होतं. त्या भांडवलावर गावात त्यांचा रुबाब. पितळी बटणांचा साहेबाचा जुना कोट सणासुदीला बाहेर निघायचा. देहूरोडच्या बाजूनं चांदमारीच्या गोळ्यांचे आवाज आले की अण्णा मान तिरकी करून सांगायचे, "ही थ्री नॉट थ्री." गावात कुणाला इंग्रजी कागद आला की तो अण्णांकडे. अण्णा तो हातात धरायचे, ओळींवरून बोट फिरवायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचे, "हां, बराबर हाय. पन हे तालुक्याला एकदा दाखवून घ्या." माणूस पुण्याच्या कचेरीत जाऊन खरं काय ते विचारून यायचा आणि अण्णांचा मान कायम राहायचा. 'येस सर, व्हेरी गुड, डॅम फूल' एवढ्यापलीकडे अण्णांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, हे मला आठवीतच कळलं होतं. आईला लग्नानंतर चारच दिवसांत कळलं असणार. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची कुणी?

माझ्या शाळेला अण्णांनी होकार दिला होता तो एका अटीवर. "शाळंतून एक जरी तक्रार आली," त्यांनी आईला माझ्यादेखत सांगितलं होतं, "तर दुसऱ्या दिवशी हिचं नाव काढनार. खेडचं ठिकान आपल्याला सांगून आलंय, पोराला जमीन हाय, आमी पोरीला कुठवर घोड्यावर बसवायची?" ठिकाण म्हणजे स्थळ. पोरगा माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा होता आणि त्याची एक बायको बाळंतपणात गेली होती. आई रात्री मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "सुमे, तक्रार येऊ द्यायची न्हाई. काय वाट्टंल ते कर, पन शाळा सोडायची न्हाई." म्हणजे गप्प बसायचं, सांगितलं ते करायचं. नववीपर्यंत मी ते केलं. गुलाबसुद्धा लिहिले की नाही?

त्या रविवारी आई घरी होती. रविवार म्हणजे तिची सुट्टी. सुट्टी म्हणजे गोधड्या धुणं, घर सारवणं आणि आठवड्याचं दळण. ती सारवत होती, मी पुढ्यात वही घेऊन बसले होते. मी विचारलं, "आई, तू दमतेस का गं?"

तिनं शेणाचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "हे काय इच्यारनं झालं? दमते की. मानूस हाय का लाकूड हाय मी?"

"सर म्हणतात, आई कधी दमत नाही. निबंधात आहे तसं."

"सरास्नी काय म्हाईत?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्यांच्या आईला त्यांनी इच्यारलंय का कवा?" आणि पुन्हा सारवायला लागली.

झालं. माझं डोकंच फिरलं. मी टाक उचलला. मला इंग्रजी यायचं ते किती? पण गरजेपुरते शब्द सापडत गेले. धोबी कपडे धुतो असा एक धडा होता, त्यातलं धुणं घेतलं. 'स्टँड' तर शिक्षेतून पाठच होता, बाकावर उभं राहायचा हुकूम रोज कुणाला तरी व्हायचा. आणि शेवटचं वाक्य सरांचंच घेतलं, त्यातला 'नेव्हर' तेवढा वगळला. नऊ ओळी झाल्या. आई कारखान्यात बाटल्या धुते. ती दिवसभर उभी असते. तिचे हात पांढरे झाले आहेत. भोंगा होतो तेव्हा ती घरी येते. काका बाजेवर बसलेले असतात. ते म्हणतात, चहा. ती घरीही उभी असते. तिला कुणी विचारत नाही. माय मदर इज टायर्ड. चुका पुष्कळ असतील. पण लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदाच इंग्रजीत खरं बोलले होते मी.

आता सही. खरं तर भीतीनं मरायला हवं होतं. पण मी वही घेऊन सरळ बाजेपाशी गेले. अण्णांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट सरकत सरकत काकांच्या ओळीवर आलं, आणि तसंच पुढे गेलं. "हां, बराबर हाय," अण्णा म्हणाले. "अक्षर जरा मोठं काढत जा." आणि जांभळ्या शाईत टाक बुडवून, फराटा मारत, झोकात मोडी सही ठोकली. मी फसवलं का त्यांना? लोक विचारतात मला हे. मी म्हणते, वही उलटी नव्हती धरली, अक्षर बारीक नव्हतं काढलं. वाचता येत असतं तर समोरच होतं की सगळं!

बुधवारी वह्या परत आल्या. माझी आली नाही. सरांनी मला उभं केलं. चेहरा लालबुंद. "हे फळ्यावर होतं?"

"नाही, सर."

"मग कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हटलं. मुलांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

"माफी माग, आणि फळ्यावरचा निबंध पन्नास वेळा लिहून आण."

इथं माफी मागितली असती तर सगळं मिटलं असतं. शकू खालून परकर ओढत होती. आईचं वाक्य कानात होतं, तक्रार येऊ द्यायची न्हाई. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "सर, माझी आई दमते. पन्नास वेळा लिहिलं तरी दमणारच. आणि खाली पालकांची सही आहे, सर. त्यांनी पाहिलं आहे, त्यांना पसंत आहे." सरांनी ती सही पाहिली, लाल पेन्सिल उचलली, तिच्यावर ते शून्य काढलं आणि शिपायाच्या हाती अण्णांना चिठ्ठी धाडली. उद्या शाळेत हजर व्हावे.

चिठ्ठी मराठीत होती, त्यामुळे अण्णांना ती वाचता आली. घरात गहजब. "सांगितलं हुतं का न्हाई? आली का तक्रार?" आई दाराशी उभी, तोंडचं पाणी पळालेलं. तिनं मला एकच विचारलं, "काय केलंस?" मी म्हटलं, "काही चोरी नाही केली." तिनं डोळे मिटले. अण्णांनी साहेबाचा कोट बाहेर काढला, पितळी बटणं राखेनं घासून घेतली आणि जाहीर केलं, "उद्या जातो आन् दाखला घिऊनच येतो." मला झोप लागली नाही. पण रडलेही नाही. खेडच्या त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघितला, येईना; येत होतं ते लाल शून्य, आणि त्याचा मला जाम राग येत होता.

हेडमास्तरांच्या खोलीत अण्णांना खुर्ची मिळाली. हेडमास्तर शांत गृहस्थ, तपकीर ओढायचे. मला कोपऱ्यात उभं केलं. गद्रे सरांनी वही उघडून अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "ही सही तुमची?"

"माझीच की."

"निबंध वाचून केलीत?"

अण्णा ताठ झाले. "न वाचता सही करायला मी काय अडानी हाय? धा वर्सं गोऱ्या सायबाच्या हाताखाली काढलीत म्या."

"मग यात तुमच्याविषयी काय लिहिलं आहे तेही वाचलंच असेल."

अण्णांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. मी मान खाली घातली नाही. एका शब्दात त्यांची सुटका होती, 'मला ठाऊक नव्हतं, पोरीनं फसवलं.' मग दाखला, मग खेड. पण ते म्हणायचं तर त्याआधी दुसरं एक वाक्य म्हणावं लागलं असतं, 'मला इंग्रजी येत नाही.' तेही दोन मास्तरांसमोर. आणि दारात शिपाई कान देऊन उभा. म्हणजे दिवस मावळायच्या आत सगळ्या चिंचवडात. अण्णांची बोटं कोटाच्या बटणावरून फिरली.

"वाचलंय," अण्णा म्हणाले. घसा खाकरला. "आन् लिवलंय ते खरं हाय. खोटं असतं तर सही केली असती का म्या?"

हेडमास्तरांनी तपकिरीची चिमूट हातातच धरली. त्यांनी वही ओढून घेतली, निबंध पुन्हा सावकाश वाचला, अण्णांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. "गद्रे," ते म्हणाले, "स्वतःविषयी असं लिहिलेलं वाचून खाली सही करणारा पालक मी तरी पाहिला नाही. तक्रार कशाची करायची आता?" सर पुटपुटले, शून्य मात्र बदलणार नाही. मी म्हटलं, "नका बदलू, सर." ते मी मनापासून म्हटलं होतं. सरांना ते उद्धटपणाचं वाटलं. असू दे.

परतताना अण्णा पुढे, मी दहा पावलं मागे. गणपतीच्या देवळापाशी ते थांबले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमे, काय लिवलं हुतंस गं?"

मला गाळता आलं असतं. काकांच्या दोन ओळी खाल्ल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण मी नऊच्या नऊ ओळी सांगितल्या, बाजेसकट, चहासकट. शेवटची इंग्रजीतही म्हणून दाखवली. अण्णांनी ती पुन्हा म्हणायला लावली. "आन् त्याच्याखाली म्या सही केली," ते म्हणाले. "आन् खरं हाय म्हनूनबी सांगून आलो." मी म्हटलं, "हो." ते चालायला लागले. दाखल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशी नाही की पुढे कधी नाही. आमचे नातेवाईक सांगायचे, अण्णा फार मोठ्या मनाचे, पुतणीला शिकवलं. शिकवलं कसलं! त्यांची मूठ माझ्या हातात होती, आणि मी ती कधी उघडली नाही. एवढाच आमचा करार.

संध्याकाळी भोंगा झाला. मी वाटेवरच आईला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत चालत होती. शाळा राहिली म्हटल्यावर तिनं तिथंच रुळांच्या कडेला थांबून पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ते शेवटचं, मी दमले म्हनून, ते विंग्रजीत मी म्हनायचं तर कसं म्हनायचं?" मी सांगितलं. घर येईस्तोवर ती ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली.

तिनं दारात पाऊल ठेवलं आणि बाजेवरून हाक आली. अण्णा काही एका दिवसात बदलले नव्हते. सवय ती सवय. "च्या टाक गं!"

आई आत गेली नाही. उंबऱ्यावर बसली. तिन्हीसांजेची वेळ, समोर थोरला दीर, आणि माझी आई चक्क उंबऱ्यावर, पाय पसरून. पदर सारखा केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय ॲम टायर्ड."

साऱ्या इंग्रजीतलं ते एकच वाक्य अण्णांना अर्थासकट ठाऊक होतं. बाज करकरली. अण्णा उठले, चुलीपाशी गेले, फुंकणी उचलली, खाली ठेवली, दोन डबे उघडून झाकले. मी मदतीला उठणार, तर आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला, तो पांढरा, सुरकुतलेला हात.

"पत्ती कुठं हाय?" आतून अण्णांनी विचारलं.

आई जागची हलली नाही. "जिथं रोज असती तिथंच."